फटफटीच्या मागच्या स्प्रिंगा आणि गोजराआत्या

मु. इंझोरी
माघ शुद्ध दशमी, शके १८७०

धनज मुक्कामी राहणारे आमचे मेहुणे जानराव पाटील यांच्या सेवेशी, तुमच्या घरचा जावई जगदेव याचा दोन्ही हात जोडून रामराम.

आम्ही इकडे सुखात आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुमच्या पाठीतली उसण गेली का? मातोश्रींचे गुडघे या थंडीत काय म्हणतात? कपिला गाय व्यायली असेल तर गोऱ्हा झाला की कालवड ते जरूर कळवा. गोऱ्हा असेल तर माझं नाव आत्ताच लावून ठेवतो (मागचा गोऱ्हा तुम्ही कारंज्याच्या बाजारात नेलात आणि मला मागाहून सांगितलंत, ते मी मनात ठेवलेलं नाही). आणखी एक व्यक्ती सध्या तुमच्याकडे मुक्कामाला आहे. तिचीही प्रकृती उत्तम असेल. नाव घेऊन विचारलं असतं, पण मागे आमच्या गाडीवानाबरोबर निरोप धाडून विचारलं होतं, तेव्हा मिळालेलं उत्तर त्याने इंझोरीच्या पारावर मोठ्या आवाजात सांगितलं: ‘त्याईले म्हणा, दमणी घेऊन आले तर येतो, नाईतर मी इथंच बरी हावो.’ तेव्हापासून मी खुशाली सर्वांची मिळूनच विचारतो.

आता बातमी. जानराव, फटफटीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा मी बदलल्या. नागपूरला नेली नाही, अकोल्याला नेली नाही. घरी, माझ्या अंगणात, माझ्या हातांनी (आणि इतर काही हातांनी, त्यांचा उल्लेख पुढे येईलच) बदलल्या. गाडी धावते. नुसती धावत नाही, माणूस घेऊन धावते, आणि ज्या माणसाला घेऊन निघते त्याच माणसाला घेऊन पोचते. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे.

तुमच्या मनात काय आलं ते मला इथे बसून दिसतं. त्या दिवशी मी तुमच्या दारात गाडी थांबवून ‘घ्या, तुमची बहीण आणली’ असं म्हणालो, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे बघत राहिलात, तो प्रसंग तुम्ही अख्ख्या धनजला सांगितल्याचं कळलं. (तो फिरत फिरत माझ्याकडे परत आला तेव्हा त्यात मी रिकाम्या बैठकीला ‘उतरा आता’ असंही म्हणालो, एवढी भर पडली होती. हे मी म्हणालो नव्हतो. म्हणणार होतो.) खरा प्रकार एवढाच, की गावाअलीकडच्या नाल्यात उजव्या अंगाची स्प्रिंग मोडली, गाडीने पाठ झटकली आणि आमची मंडळी वाळूत बसली. मी पुढे तोंड करून बोलत होतो. तुरीला यंदा पाणी कमी पडलं, तुमच्या विहिरीवरची मोट नीट बसवलेली नाही, तुम्हाला शेतीतलं कळत नाही, असं बरंच. मंडळीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मला वाटलं, पटतंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एवढं तिला कधी पटलं नव्हतं, तेव्हा मागे वळून पाहायला हवं होतं हे कबूल. पण नवऱ्याचं पटून बायको गप्प बसली असेल असं मानणाऱ्या माणसाला तुम्ही भोळा म्हणा, निष्काळजी म्हणू नका.

असो. नाल्यापासून तुमच्या दारापर्यंत ती मांडीवरची टोपली डोक्यावर घेऊन चालत आली. डाव्या हातातल्या बांगड्या वाढल्या होत्या (दुसरा शब्द मी लिहिणार नाही). मला वाटतं तिचा खरा राग पडल्याचा नव्हताच, बांगड्यांचा होता, आणि त्याहून जास्त, तिच्यावाचून मी एवढा रस्ता खुशाल बोलत आलो याचा होता. तुम्ही ओट्यावर उभं राहून जाहीर केलंत की आमची बहीण आता सासरी जाईल ती बैलांच्या दमणीत, छपराखाली, गादीवर बसून. मीही जावई आहे. मी त्याच ओट्यासमोर उभं राहून शब्द दिला की नेईन तर याच गाडीवर नेईन. आता तुम्ही म्हणाल, दमणी जोडायला काय झालं होतं? माघात आमचे बैल कापसाच्या गाड्या ओढत कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनाला जातात आणि येतात, त्यांना उसंत नाही. पण बैल मोकळे असते तरी मी दमणी आणली नसती. दमणी आणली असती तर पुढची सगळी हयात तुम्ही मला ‘दमणीवाले जावई’ म्हटलं असतं.

पण तेव्हापासून घर सुनं पडलं आहे, जानराव, हे तुम्हाला लिहायला मला लाज नाही. संध्याकाळी शेतातून आलो की पाय धुवायला पाणी मिळतं, भाकर मिळते, पण ‘कुठं व्हते इतका वेळ’ असं विचारणारं कोणी नाही. उत्तर तयार असतं आणि ते तसंच पोटात घेऊन झोपावं लागतं.

तर स्प्रिंगा. कारंज्याचे कापूस व्यापारी वहाबमिया तुम्हाला माहीत आहेत. ते मुंबईला गेले होते, त्यांनी माझ्या सांगण्यावरून नवी जोडी आणून दिली. बरोबर एक छापील कागद होता, इंग्रजीत, चित्रांसह. चित्रात एक गोरा माणूस पांढरा अंगरखा घालून हसत हसत स्प्रिंग बसवतो आहे. त्याचे हात स्वच्छ आहेत. तो कागद बघूनच मी ठरवलं की हे काम हसत होण्यासारखं आहे. तुम्ही गाडी नीट पाहिली नसेल म्हणून सांगतो: मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन जाड नळकांडी आहेत, प्रत्येकात मनगटाएवढी जाड स्प्रिंग दाबून बसवलेली आहे. रस्त्याचा दणका ती पोटात घेते आणि माणसाच्या पाठीपर्यंत जाऊ देत नाही. हल्लीच्या पुष्कळ फटफट्यांना ही सोयच नसते. ज्या साहेबाकडून मी ही घेतली, तो विलायतेला निघताना तिच्या मागच्या अंगावर हात फिरवून रडवेला झाला होता, तो उगाच नाही.

मदतीला मी नानाजी लोहाराला बोलावलं. पंचक्रोशीत बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवावी ती नानाजीने. आमचा सालदार सेवालाल होताच. नानाजीने आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि बैलाला नाल ठोकायला पाडतात तशी फटफटी पाडली. मी हो-ना करीपर्यंत सेवालालने तिची पुढची आणि मागची चाकं दोराने एकत्र बांधली. (बैल लाथ मारतो म्हणून पाय बांधतात. फटफटी लाथ मारत नाही हे मी सांगितलं, तर नानाजी म्हणाला, ‘तुमाले मारत नसन.’) गाडी आडवी झाल्याबरोबर टाकीतलं पेट्रोल भळाभळा अंगणात वाहिलं, कोंबड्यांनी त्यात चोची घातल्या, आणि नानाजी विडी पेटवायला चूल शोधू लागला. त्याला आवरायला शेजारपाजारचे धरून चौघे लागले. मग गाडी उभी केली, गोठ्याच्या आडव्या लाकडाला तिचा मागचा भाग टांगला, आणि चाक काढलं. जुन्या स्प्रिंगा निघाल्या. इथवर चित्रातल्या माणसापेक्षा आम्ही पुढेच होतो.

खरी गोम अशी, की नवी स्प्रिंग नळकांड्याहून उंच असते. ती दाबून, दाबलेली धरून आत बसवायची असते. चित्रातल्या माणसाजवळ त्यासाठी एक चापाचं यंत्र होतं. आमच्याकडे उखळ होतं. उखळात स्प्रिंग उभी केली, तिच्यावर लाकडी वासा आडवा टाकला, वाशाचं एक टोक गोठ्याच्या भिंतीत अडकवलं आणि दुसऱ्या टोकावर सेवालाल बसला. स्प्रिंग दबली. दबलेल्या स्थितीत तिला अंबाडीच्या दोराने करकचून बांधायचं, नळकांड्यात सरकवायचं आणि मग दोर कापायचा, अशी माझी युक्ती होती, आणि युक्ती अजूनही मला बिनचूकच वाटते. गाठ मी मारली. सेवालाल वाशावरून उठला. आणि जानराव, ती स्प्रिंग उखळातून जी निघाली, ती नानाजीच्या पागोट्यावरून, गव्हाणीवरून, उघड्या दारातून थेट ओसरीत गेली. यंदाचा सगळा कापूस ओसरीत छतापर्यंत भरलेला आहे. स्प्रिंग त्यात शिरली आणि नाहीशी झाली.

मग आम्ही कापसात शिरलो. तुमच्या जावयाने आयुष्यात बरंच काही शोधलं, पण स्वतःच्याच घरात कमरेइतक्या कापसात उभं राहून स्प्रिंग कधी शोधली नव्हती. आधी एक विळा सापडला, मग आमच्या गोजराआत्यांची हरवलेली मिसरीची डबी सापडली, मग एक मांजर निघाली ती नानाजीला ओरबाडून गेली. गावातली माणसं दारात जमली आणि आतून कोणी शिंकलं की हसू लागली. बाहेर आलो तेव्हा आमच्या तिघांच्या मिशा, भुवया, कान पांढरे. एकमेकांचे आजोबा दिसत होतो. शेवटी स्प्रिंग सेवालालच्या पायाखाली मिळाली. दुसऱ्या वेळी गाठ त्याने मारली, कडब्याच्या पेंढीला मारतात ती. ती काही सुटली नाही. डाव्या नळकांड्यात स्प्रिंग सरकवली, विळ्याने दोर कापला, धाडकन आवाज झाला आणि डावं अंग फत्ते! दारातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी चित्रातल्या माणसासारखा हसलो.

उजवीच्या वेळी मात्र वाशावर बसायला कोणी तयार होईना. सेवालालला अचानक वैरण आठवली. तेव्हा नानाजीने आपली विद्या बाहेर काढली. म्हणाला, ‘लोखंड थंड हाये तवरच माजते. तापलं का गरीब होते. धाव कशी चढवतो आपुन?’ आणि खरंच की! चाकावर धाव चढवताना ती गोवऱ्यांत लाल करतात, चाकावर बसवतात, वर पाणी ओततात, आणि मग ती जन्मात सुटत नाही. आमच्या इंझोरीत हे प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलेलं आहे. लोखंड ते लोखंड, आणि चाक ते चाक. कोणाला वेगळं वाटण्याचं कारणच नव्हतं. मी मान हलवली. अंगणात गोवऱ्या रचल्या, स्प्रिंग आत घातली, ती पळसाच्या फुलासारखी लाल झाली. सांडशीने धरून दगडी पाट्याखाली दाबली, तर एवढी गरीब, एवढी गुणी, की हूं नाही की चूं नाही. तारेने बांधून नळकांड्यात बसवली. सगळ्या गावाने मिळून वर घागरी ओतल्या, चर्र झालं, वाफेत गोठा दिसेनासा झाला, आणि धाव चढल्यावर ओरडतात तसे सगळे ओरडले. तार कापली. पण या खेपेला धाडकन आवाज झाला नाही. कसलाच आवाज झाला नाही. ती दाबली होती तशीच बसून राहिली. नानाजी म्हणाला, ‘पाहा, निजली.’

चाक बसवलं, गाडी खाली उतरवली. गाडी उभी होती पण उजव्या कुल्ल्यावर बसल्यासारखी उभी होती. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. लाथ मारून चालू केली आणि एकटाच निघालो. वेशीपर्यंत सरळ गेली. वेशीबाहेर तिने उजवीकडे मान टाकली आणि मला घेऊन मदनसिंगच्या शेतात, उभ्या कपाशीच्या पऱ्हाटीत शिरली. बाहेर काढली, पुन्हा निघालो, पुन्हा उजवीकडेच. तिसऱ्या वेळी मदनसिंगने आपणहून फाटक उघडून ठेवलं. गावकऱ्यांची तोंडं उतरली. नानाजी आपली सांडशी पुसत निघून जाऊ लागला. माझ्या डोळ्यांसमोर, जानराव, तुमचा ओटा आला, त्यावर उभे असलेले तुम्ही आलात, आणि दमणीची गादी आली.

इथे आत्याबाईंचा प्रवेश होतो. गोजराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, कमी वयात विधवा होऊन आमच्याकडे परतली ती आजतागायत आमचं घर तिच्याच शब्दावर चालतं. तुम्हाला तिची ओळख करून द्यायला नको, लग्नात झालीच आहे. एवढा वेळ त्या ओसरीच्या पायरीवर मिसरी लावत बसल्या होत्या. उठल्या, गाडीजवळ आल्या, डाव्या अंगावर हाताने दाब दिला, मग उजव्या अंगावर दिला. डावं अंग हाताला वर ढकलत होतं, उजवं नुसतं खाली जात होतं. म्हणाल्या, ‘एक बैल दमाचा अन् एक मेंगळट, अशी जोडी जुंपली तर गाडी कोण्याकडं जाईन? आपली सून प्रयाग बसते डावीकडं पाय सोडून. वजन दमाच्या बैलाकडं पडते. रिकामी गाडी कायले पयवतं? मी बसतो, चाल.’

जानराव, बायका फटफटीवर डावीकडे पाय सोडून बसतात आणि तुमच्या बहिणीचा सगळा भार डाव्या अंगाला पडतो, हे माझ्या ध्यानात तोवर आलंच नव्हतं. मी स्प्रिंगांचा विचार करत होतो, तिच्या बसण्याचा केला नव्हता. पण आत्याबाई लगेच बसल्या नाहीत. आधी त्यांनी घरातून लोणी आणि हळद आणवली, पळसाच्या पानाने दोन्ही नळकांड्यांना चोळली, जशी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना चोळतात. पोळा गेला भादव्याच्या तोंडाशी, हा महिना माघ. पण काम पडलं की मान द्यावा, असं त्यांचं मत. मग डावीकडे पाय सोडून बसल्या, लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला, उरलेल्या टोकाने माझ्या कोटाच्या पट्ट्याशी गाठ मारली (सेवालालची गाठ), आणि म्हणाल्या, ‘आता पडलो तर दोघंबी पडू. कारंजाले चाल.’

गाडी चालू केली. वेशीशी आलो, मदनसिंगने फाटक उघडलं, सगळा गाव मागे पळत होता. आणि गाडी सरळ गेली! नाकासमोर, मुंगी जाते तशी, एक रेघ धरून गेली. मदनसिंगला फाटक लावावं लागलं. मी ओरडलो, आत्याबाई ओरडल्या, मागे नानाजी ओरडला. चाकोरीवरून, खड्ड्यांवरून, पुलाच्या उंचवट्यावरून, कुठेही दणका नाही. डावी स्प्रिंग दणका पोटात घेत होती आणि उजवी निजलेली होती ती निजूनच राहिली. मी दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होतो. आत्याबाई म्हणाल्या, ‘मी हावो. तू पुढं पाह्य.’

रस्त्यावर जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग होती. बैल बुजले नाहीत, गाडीवान बुजले. आत्याबाई त्या प्रत्येकाला नावाने हाक मारून पुढे जात होत्या. एकाला तर चालत्या गाडीवरून ‘काऊन रे, सून माहेरून आणली का नाई?’ असं विचारून टाकलं (हा प्रश्न मला टोचला, त्यांनी तो माझ्या पाठीशी बसून विचारला होता). कारंज्यात शिरलो तेव्हा बाजारातली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढून बघू लागली. अशा वयाची बाई, डोक्यावर पदर, कमरेशी माझ्या कोटाची गाठ, फटफटीवर ताठ बसलेली, कारंज्याने पाहिली नव्हती. लग्नाच्या वरातीत मला एवढी माणसं बघायला आली नव्हती, हे मी तिथेच त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तवा पाह्यासारखं व्हतं काय?’

आत्याबाईंचं आजोळ कारंजा, त्यांचं लहानपण तिथेच गेलं, हे तुम्हाला माहीत नसेल. वहाबमियांची आई अमीनाबी ही त्यांची लहानपणची मैत्रीण. भिंतीला भिंत लागून घरं, एकाच पाट्यावर दोघींनी मिरच्या वाटलेल्या. एवढ्या जवळ राहून दोघींची भेट किती तरी वर्षांत नव्हती, कारण आत्याबाईंचे गुडघे चालू देत नाहीत आणि हंगामात गाडी मोकळी नसते, आणि हंगाम नसला की त्यांच्यासाठी गाडी जुंपायचं कोणाच्या मनात येत नाही. (यात मीही आलो.) वहाबमियांच्या दारात गाडी थांबवली. अमीनाबी चौकटीला धरून बाहेर आल्या, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि म्हणाल्या, ‘गोजरा? तू गे? ये कायपर बैठके आई?’ मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता हसू लागल्या, आणि मी त्यांच्याशी पदराने बांधलेला असल्यामुळे मलाही तिथेच उभं राहावं लागलं. मीही रडलो, जानराव. कोणापासून लपवत नाही. एवढ्या मेहनतीने बसवलेल्या स्प्रिंगांचं पहिलं काम हे झालं, याचा मला जिनात कापसाला चढा भाव मिळाला असता त्याहून जास्त आनंद झाला.

तिथून दोघी म्हाताऱ्यांनी मला मनिहाराच्या दुकानात नेलं आणि तुमच्या बहिणीसाठी हिरव्या बांगड्या निवडल्या. माप मला विचारलं. मी हाताने दाखवलं. दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि मापाच्या एक घर लहान घेतल्या. आत्याबाई म्हणाल्या, ‘तू मनात मोठी धरली. हात लहानच हाये तिचा.’ परतीच्या वाटेवरही गाडी एक रेघ धरून आली. इंझोरीच्या वेशीत नानाजीने नारळ फोडला आणि त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं की तापवायची विद्या त्याने मुद्दामच एका अंगाला वापरली होती. मी ते खोडून काढलं नाही. जिंकलेल्या माणसाने उदार असावं.

तेव्हा जानराव, शब्द खरा झाला. घरातल्या थोरांना माझा नमस्कार, लहानग्यांना गालगुच्चे, आणि मधल्या वयाच्या एका व्यक्तीला तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा. पण चांगलं सांगा.

तुमचा,
सरळ चालणाऱ्या गाडीचा धनी,
जगदेव

ता. क. परवा सकाळी मी येतो. तुमच्या बहिणीचं सामान एका लहान गाठोड्यात बांधून ठेवा. टोपली नको. नाल्यापाशी मी गाडी थांबवीन, ती उतरून चालत पलीकडे जाईल आणि पलीकडून बसेल. आणि मी वाटेत बोलणार नाही, तिला बोलू देईन. हे माझं वचन तिला तुमच्या तोंडून कळावं, कारण माझ्या तोंडून कळलं तर ती विश्वास ठेवणार नाही.

दुसरा ता. क. एक किरकोळ बाब वर लिहायची राहिली. डावीकडे कोणी बसलेलं असेल तरच गाडी सरळ जाते. एकटा आलो तर इंझोरी ते धनज हा रस्ता मला उजवीकडच्या शेताशेतांतून करावा लागेल. म्हणून येताना आत्याबाई माझ्या मागे बसून येणार आहेत, आणि जाताना तुमची बहीण बसेल. बैठक एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा आत्याबाई तुमच्याकडे राहतील. फार दिवस नाही, कापसाचा हंगाम सरून बैल मोकळे होईपर्यंतच. मग मी दमणी पाठवतो. (दमणीबद्दल तुमचा आग्रह होताच.) त्यांना सकाळचा चहा गुळाचा लागतो, भाकर पातळ लागते, आणि दुपारी निजताना घरात कोणी बोललेलं चालत नाही. आमच्या लग्नात विहिणींच्या पंगतीत त्यांच्या पोळीवर तूप पडलं नव्हतं आणि वाढायला तुमच्या मातोश्री होत्या, तेवढा विषय त्यांच्या मनात आहे. म्हणतात, ‘तवा गडबड व्हती, बोलता आलं नाई. आता निवांत बोलतो.’

तिसरा ता. क. परवाचं रद्द. मी हे पत्र लिहीत होतो तेवढ्यात आत्याबाई गाठोडं आणि तांब्या घेऊन गाडीवर जाऊन बसल्या आहेत, गाठ मारून झाली आहे आणि त्या मला ओढत आहेत. तेव्हा हे टपालाने येणार नाही, मीच तुमच्या हातात देईन. तुम्ही आता हे ओट्यावर उभं राहून वाचत असाल. आत्याबाई तुमच्या डाव्या हाताला बसल्या असतील आणि मातोश्रींना हाका मारत असतील. त्यांच्याकडे बघू नका, बघितलंत तर त्या सोडायच्या नाहीत. आधी आत जा आणि प्रयागला बाहेर पाठवा. मी दारात आहे, आणि गाडी बंद केलेली नाही.